टमी टकनंतर पोट पुन्हा पुढे का येतं?

टमी टक, म्हणजे पोटाची सैल त्वचा आणि भिंत आवळण्याचं ऑपरेशन, करून आठ-दहा महिने झाले की काही बायकांच्या मनात एक शंका घर करते आणि ती त्या कुणाजवळ बोलत नाहीत. सकाळी उठल्यावर पोट सपाट असतं, संध्याकाळी कुर्ता पुढून उचललेला दिसतो. किंवा बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध, खोकलं की उंचवटा येतो. आतले टाके तुटले की काय? विचारायची चोरी, कारण हे ऑपरेशन हौसेचं होतं असं घरात सगळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलेलं असतं. एवढा खर्च झाला, आईने नाहीतर सासूबाईंनी महिनाभर मुलं सांभाळली, आता पुन्हा कुठल्या तोंडाने तक्रार करायची!

तक्रार करावी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पोटाच्या ऑपरेशननंतर येणाऱ्या बायका हे माझं रोजचं काम, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते या गप्प बसण्याचं. पोट पुन्हा पुढे येण्याची अनेक कारणं आहेत. टाके सुटणं हे त्यातलं एक. काही कारणांना उपायाची गरजच नसते, काहींना व्यायाम पुरतो, एखाद्या कारणासाठी मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं. नेमकं काय बिघडलंय हे कळेपर्यंत दुसरं ऑपरेशन ठरवू नये आणि स्वतःला दोषही देऊ नये.

मुळात काय सैल झालेलं असतं

छातीच्या हाडाच्या टोकापासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत पोटावर दोन उभे स्नायू असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांना रेक्टस म्हणतात. दोघांच्या मधे एक पांढरट, चिवट पट्टा असतो, लिनिया अल्बा. हा पट्टा स्नायू नाही. पोटाच्या दोन्ही कुशींतले तीन-तीन सपाट स्नायू मधोमध येताना पातळ पडद्यासारखे होतात, त्या पडद्यांचे तंतू इथे एकमेकांत विणले जातात. सगळं बळ कोलॅजनचं, म्हणजे चिवट प्रथिनाच्या तंतूंचं. व्यायामाने स्नायू भरतो, पण ताणून रुंद झालेलं कोलॅजन हवं तेवढं आखडत नाही.

गरोदरपणात गर्भाशय पुढे ढकलत जातं तसा हा पट्टा रुंद आणि पातळ होतो, दोन्ही रेक्टस एकमेकांपासून लांब जातात. पट्टा फाटत नाही, ताणला जातो. हे अंतर 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त झालं की त्याला डायस्टॅसिस म्हणतात. युरोपातल्या हर्निया सर्जनांच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 2 ते 3 सेंटीमीटर म्हणजे सौम्य, 3 ते 5 मध्यम आणि त्यापुढे तीव्र. शेवटच्या महिन्यांत हे अंतर वाढणं इतकं नेहमीचं आहे की पोर्तुगालमधल्या 2015 च्या एका अभ्यासात 35 व्या आठवड्यात तपासलेल्या प्रत्येक गरोदर बाईत ते सापडलं. नॉर्वेत पहिलटकरणींवर झालेल्या अभ्यासात, जो 2016 मध्ये छापून आला, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 60 टक्के जणींना डायस्टॅसिस होता, सहा महिन्यांनी 45 टक्क्यांना आणि वर्षानंतरही जवळपास 33 टक्क्यांना. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. डायस्टॅसिस असलेल्या बायकांची कंबर न असलेल्यांपेक्षा जास्त दुखत नव्हती. म्हणजे अंतर आहे म्हणून आजार आहे असं नाही. त्रास आहे का, काम करताना पोटाला आधार वाटतो का, लघवी सुटते का, हे विचारावं लागतं.

आपल्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतात. सुती साडीचा किंवा धोतराचा लांब पट्टा घट्ट गुंडाळला की कमरेला आधार वाटतो, उठता-बसता बरं वाटतं, हे खरंच. पण त्याने आतला रुंद झालेला लिनिया अल्बा पुन्हा जुळत नाही. ज्यांचं पोट बांधलं नाही त्यांनी "आमच्याकडे कुणी करायला नव्हतं म्हणून माझं पोट असं राहिलं" ही खंत मनातून काढून टाकावी.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय शिवतात

ब्लाउज सैल झाला की शिंपी कापड कापत बसत नाही, आतून दुमडून टीप मारतो. टमी टकमध्ये मधल्या पट्ट्याचं तसंच करतात. खाली एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतात, सिझरच्या छेदापेक्षा कितीतरी लांब. तिथून त्वचा आणि चरबीचा थर बरगड्यांपर्यंत उचलतात. बेंबी तिच्या देठासकट जागीच राहते. आता स्नायूंवरचं पांढरं आवरण, म्हणजे फॅशिया, उघडं दिसतं. सर्जन त्यावर शाईने वरपासून खालपर्यंत एक लांबट अंडाकृती आखतात आणि तिच्या दोन कडा टाक्यांनी एकमेकींना भिडवत जातात, कधी एका थरात, कधी दोन. ढिला भाग आत दुमडला जातो, दोन्ही रेक्टस शेजारी येतात. याला प्लायकेशन म्हणतात. ही पद्धत रूढ करण्यात ब्राझीलचे सर्जन इव्हो पितांगी यांच्या 1967 मधल्या कामाचा मोठा वाटा आहे. शेवटी त्वचा खाली ओढून जास्तीची कापून टाकतात आणि बेंबीसाठी नवी जागा करतात.

यात स्नायू कापलेला नाही आणि स्नायूला टाकाही घातलेला नाही. टाके फॅशियाला आहेत, आणि ती दुमड टिकणं तीन गोष्टींवर अवलंबून असतं: धागा कोणता, ज्यात तो घातला ते आवरण किती चांगलं, आणि आतून रेटा किती.

धाग्याबद्दल रुग्णांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. फॅशिया सावकाश भरून येते. दीड-दोन महिन्यांनी शिवलेल्या जागेची ताकद मूळच्या निम्म्याच्या आसपास पोचते, आणि वर्ष उलटलं तरी ती शंभर टक्के होत नाही. तोपर्यंत भार धाग्यावर. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा धागा विरघळत नाही, कायम राहतो. पॉलिडायोक्झॅनोनचा धागा दीड-दोन महिने बऱ्यापैकी धरून ठेवतो आणि साधारण सहा-सात महिन्यांत विरघळतो. पॉलिग्लॅक्टिनचा धागा मात्र चार-पाच आठवड्यांत जवळपास सगळी ताकद घालवून बसतो, म्हणजे आवरण अजून कच्चं असतानाच.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये छापलेल्या पाहणीत 40 रुग्णांची सोनोग्राफी सरासरी पाच वर्षांहून जास्त काळानंतर केली. त्यांचे टाके विरघळणाऱ्या धाग्याचे होते आणि 40 टक्के जणींत अंतर राहिलेलं किंवा पुन्हा आलेलं दिसलं. उलट ब्राझीलमध्ये नायलॉनने दोन थरांत शिवलेल्या 12 बायकांचं सीटी स्कॅन साडेसहा-सात वर्षांनी केलं तेव्हा एकीतही डायस्टॅसिस परतलेला नव्हता. 12 ही संख्या फारच लहान आहे, त्यामुळे यावरून "नायलॉन म्हणजे खात्री" असं कुणी मानू नये. सावकाश विरघळणारा पॉलिडायोक्झॅनोनही सहा महिन्यांच्या तपासणीत चांगला टिकलेला दिसला आहे. शिवणीला आधार म्हणून कृत्रिम धाग्यांची जाळी बसवली तर अधिक पक्कं होईल असंही वाटतं, पण स्वीडनमध्ये जाळी आणि दुहेरी टाके यांची तुलना केली तेव्हा वर्षभरात डायस्टॅसिस परतण्याच्या बाबतीत दोहोंत फरक आढळला नाही.

पहिले तीन महिने: घाबरण्यासारखं काय, न घाबरण्यासारखं काय

ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस वाकूनच चालावं लागतं. पोट दगडासारखं घट्ट लागतं. संध्याकाळी सूज वाढते, रात्री झोपून उठलं की उतरते. खालचा छेद लसीका, म्हणजे पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी, वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या तोडून गेलेला असतो, त्यामुळे छेदाच्या वरच्या भागातलं पाणी लवकर ओसरत नाही. तीन महिने, कधी सहा महिनेही ही चढ-उतार चालते. सकाळ-संध्याकाळचा हा फरक टाके सुटल्याची खूण नाही.

"काहीतरी कट्कन तुटल्यासारखं झालं" हेही मी बऱ्याचदा ऐकते. शिंक आली, बाळ अचानक अंगावर आलं, बाथरूममध्ये पाय घसरला. अशा वेळी एखादा टाका खरंच निसटू शकतो, पण पुष्कळदा त्वचा आणि फॅशिया यांच्यामधे नव्याने धरलेला चिकटा सुटल्याचीच ती जाणीव असते. टाके ओळीने असतात, एक गेला म्हणून सगळी ओळ उसवत नाही. त्या क्षणानंतर एखाद्या जागी ठळक फुगा दिसू लागला, दुखणं वाढत गेलं, तर मात्र सर्जनला लगेच दाखवायचं.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे सेरोमा. उचललेली त्वचा आणि फॅशिया यांच्यामधल्या पोकळीत पिवळसर पाणी साठतं. हे पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या ड्रेनच्या नळ्या काढल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत पोटाच्या खालच्या भागात फुगवटा येतो, बोटाने टिचकी मारली तर पाण्याची लाट हलल्यासारखी वाटते. सर्जन सुईने पाणी काढतात, कधी दोन-तीनदा काढावं लागतं. घरी चोळून, मालिश करून ते जिरत नाही. फार दिवस तसंच राहू दिलं तर त्याभोवती जाड पिशवी तयार होते आणि मग ती काढायला छोटं ऑपरेशन लागतं.

काही लक्षणं मात्र थांबून बघण्यासारखी नाहीतच. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं, छातीत टोचणं: पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची किंवा ती फुप्फुसात गेल्याची ही खूण असू शकते. पोट घट्ट शिवल्याने आतला दाब वाढतो, पायांकडून रक्त वर यायला अडतं, आणि म्हणून सौंदर्यासाठी होणाऱ्या ऑपरेशनांमध्ये टमी टकला हा धोका जास्त मानतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलमध्ये जायचं. ताप, छेदाच्या वरची त्वचा काळी पडणं, झपाट्याने पसरणारी लाली, ही त्याच यादीतली.

पोटावरून बांधायच्या पट्ट्याविषयीही सांगायला हवं. हा पट्टा, बाइंडर, दिलेला असतो तो आधारासाठी. काही जणी "जितका घट्ट तितकं पोट आत" म्हणून श्वास अडकेपर्यंत आवळतात. त्याने पोटातला दाब आणखी वाढतो आणि शिवणीला तर मुळीच मदत होत नाही. पट्ट्याखाली सपाट हात सहज गेला पाहिजे.

टाके खरंच सैल होतात तेव्हा

डायस्टॅसिस परतणं हे एका रात्रीत क्वचित घडतं. धागा कोलॅजनमधून हळूहळू कापत सरकतो, किंवा शिवलेल्या ओळीच्या शेजारचं आवरणच ताणत जातं. जिच्या आवरणात मुळातच जोर कमी, जुळ्यांची किंवा तीन-चार बाळंतपणं झालेली, वजन खूप कमी करून आलेली, तिच्यात हे जास्त होतं. सततचा खोकला, जुनी बद्धकोष्ठता, ऑपरेशननंतर पाच-सात किलो वाढलेलं वजन, या सगळ्यांचा रेटा आतून असतो. म्हणून खोकल्याचं औषध आणि पोट साफ ठेवणं या गोष्टी किरकोळ समजू नयेत. रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी हा उपाय साधा आहे, पण कुंथणं टाळतो. खोकताना, शिंकताना पोटावर उशी दाबून धरायची.

पुन्हा गरोदर राहणं हे उघड कारण. टमी टकनंतर गर्भारपण शक्य आहे आणि सहसा सुखरूप पार पडतं, पण शिवलेला पट्टा पुन्हा ताणला जाईल हे धरूनच चालावं. म्हणून मुलं झाल्यावरच हे ऑपरेशन करा असं सर्जन सांगतात.

तंबाखूचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे ते विचारलंच जात नाही. "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला बाई खरेपणाने "नाही" म्हणते. मिशरीबद्दल कुणी विचारत नाही आणि ती व्यसन आहे असं तिला स्वतःलाही वाटत नाही, कारण आजी लावायची, आई लावते. मिशरीतलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि बरगड्यांपासून खाली ओढलेल्या त्या त्वचेला नेमकं रक्तच कमी पडतं. जखम उघडते, त्वचा काळी पडते, आतली भरणी कच्ची राहते. ऑपरेशनच्या आधी किमान महिनाभर आणि नंतरही महिनाभर मिशरी पूर्ण बंद हवी. सर्जनने विचारलं नाही तर आपण सांगावं, लाजू नये.

उंचवटा फक्त बेंबीच्या वर असेल तर

याचं कारण बरेचदा टाके तुटण्यात नसतं, ते तिथपर्यंत पोचलेच नव्हते यात असतं. मिनी टमी टकमध्ये छेद छोटा, बेंबी हलवत नाहीत, त्यामुळे वरच्या बरगड्यांपर्यंत जागा उघडता येत नाही. खालचं पोट छान बसतं आणि वरचं उठून दिसतं. खाली आवळलं की दाब वर सरकतो, त्याचाही यात हात असतो. हीच गोष्ट कुशींची. मधोमध शिवलं तरी बाजूंचे तिरपे स्नायू सैलच असले तर पोट मधे आत आणि कडेला फुगीर दिसतं.

बेंबीपाशी किंवा तिच्या वर लहानसा, गोळीसारखा फुगा असेल, दाबला की आत जातो, खोकलं की बाहेर येतो, तर तो हर्निया असू शकतो. डायस्टॅसिसमध्ये पट्टा पातळ असतो पण अखंड असतो, हर्नियात भोक असतं. त्यातून आतली चरबी किंवा आतडं बाहेर येतं. डायस्टॅसिसमध्ये आतडं अडकत नाही, हर्नियात अडकू शकतं. फुगा आत जाईनासा झाला, टणक आणि दुखरा झाला, उलट्या सुरू झाल्या, तर वेळ घालवायचा नाही. ताणलेल्या पट्ट्यात असे छोटे हर्निया बऱ्याचदा आधीपासूनच दडलेले असतात, म्हणून ऑपरेशनपूर्वी पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी करून घेणं मला आवश्यक वाटतं.

आतली चरबी

एक बाई माझ्याकडे आली होती, शिक्षिका, चाळिशीतली. जिममध्ये कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुमचे टाके तुटलेत. ती दुसऱ्या ऑपरेशनसाठी पैसे साठवत होती. मी तिला टेबलावर उताणं झोपायला सांगितलं. ज्यांची भिंत सैल असते त्यांचं पोट झोपल्यावर मागे पडतं, बरगड्यांच्या खाली जातं. हिचं पोट झोपूनही गोलच राहिलं. चिमटीत धरायला चरबी जवळजवळ नव्हतीच. डोकं उचलायला सांगितलं, मधे खळगाही नाही, कण्यासारखा उभा उंचवटाही नाही, दोन्ही रेक्टस बोटाला शेजारी-शेजारी लागत होते. सोनोग्राफीत अंतर एका सेंटीमीटरच्याही आत निघालं. शिवण शाबूत होती. पोट पुढे ढकलत होती ती आतड्यांभोवतीची चरबी, जिला कुठलाही प्लास्टिक सर्जन हात लावू शकत नाही. तिला रक्तातली साखर तपासायला पाठवलं, ती वाढलेली निघाली.

हे आपल्या लोकांत मुद्दाम तपासायला हवं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की भारतीय शरीर दिसायला बारीक असलं तरी आत चरबी जास्त बाळगतं, आणि हे जन्मतःच दिसतं. त्यांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. म्हणून भारतीय बाईच्या कमरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या वर गेला की वजन ठीक असूनही सावध व्हायला सांगतात. टमी टक त्वचेखालची चरबी आणि सैल भिंत यांवर उपाय आहे. आतली चरबी कायम असेल तर सगळ्यात सुबक शिवणही तिच्या रेट्यापुढे थकते. तो रेटा आहारानं, चालण्यानं, झोपेनं कमी होतो आणि साखर-रक्तदाबालाही त्याचा फायदा होतो.

घट्टपणा, बधिरपणा, टोचणं

शिवण फार आवळली गेली तर उलट्या बाजूने त्रास होतो. पूर्ण श्वास घेता येत नाही, थोडं खाल्लं तरी पोट तट्ट होतं, आंबट पाणी घशाशी येतं. बहुतेकींत काही आठवड्यांत शरीर जुळवून घेतं. लघवी सुटण्याबाबत मात्र अनुभव बरेचदा चांगला आहे. ऑस्ट्रेलियातल्या नऊ ठिकाणच्या 214 बायकांच्या पाहणीत, जी 2018 मध्ये छापून आली, स्नायूंच्या दुरुस्तीसह टमी टक केल्यावर सहा महिन्यांत पाठदुखी आणि लघवी सुटणं दोन्ही खूप कमी झालं. तुलनेसाठी ऑपरेशन न केलेला गट त्यात नव्हता, हे लक्षात ठेवून ते वाचायचं.

बेंबीखालची त्वचा महिनोन् महिने बधिर राहते, थोडा भाग कायमचाही राहू शकतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर कमरेच्या हाडाजवळून जाणारी त्वचेची नस ताणली किंवा दुखावली गेलेली असते. आणि इथे एक कळकळीची विनंती: या बधिर पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, शेक-शेगडी घेऊ नका. चटका बसतो ते कळतच नाही. ओढलेल्या त्वचेवर भाजल्याची जखम भरायला फार वेळ लागतो.

एकाच बोटाच्या जागी, नेमक्या त्याच ठिकाणी, वळताना सुई टोचल्यासारखं होत असेल तर टाक्यात किंवा व्रणात बारीक नस अडकलेली असू शकते. तिथे भूल देणारं इंजेक्शन देऊन बघतात, तेवढ्यापुरतं दुखणं थांबलं की निदान पक्कं होतं. आणि कायमच्या धाग्याची गाठ कधी कातडीखाली लागते, क्वचित तिथून पाणी किंवा पू झिरपतो. छेद भरून आल्यावर महिना-दीड महिन्याने सुरू झालेलं आणि साध्या अँटिबायोटिकने न थांबणारं झिरपणं असेल तर क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले, पण क्षय न करणारे जंतू आहेत का हे तपासायला सांगावं. त्यासाठी नमुना मुद्दाम वेगळा पाठवावा लागतो आणि उपचार महिनोन् महिने चालतात.

तपासणी कशी मागायची

नेहमीच्या 'पोटाच्या सोनोग्राफी'त यकृत, मूत्रपिंड, गर्भाशय बघतात, भिंतीबद्दल रिपोर्टमध्ये एक ओळही नसते. म्हणून चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावं: पोटाच्या भिंतीची तपासणी, दोन्ही रेक्टसमधलं अंतर, झोपून आणि डोकं उचलून, बेंबीच्या वर आणि खाली, शिवाय खोकायला लावून हर्निया आहे का. दुसऱ्या ऑपरेशनचा विचार असेल तर सीटी स्कॅन लागतो. सूज पूर्ण उतरण्याआधी, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या आत, या मापांवरून मोठा निर्णय घेऊ नये.

अंतर भरून आलंय पण ताकद नाही, असंही पुष्कळ दिसतं. दोन-तीन वर्षं लांब राहून काम विसरलेले स्नायू शेजारी आणून ठेवले म्हणून लगेच कामाला लागत नाहीत. आम्ही सुरुवात श्वासापासून करतो: श्वास सोडताना खालचं पोट अलगद आत, ओटीपोटाचा तळ वर, आणि ते धरून हात-पायाची हालचाल. अंथरुणातून उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं. पहिले सहा आठवडे पाण्याची बादली, मोठा कुकर, दोन वर्षांचं मूल, यांपैकी काहीही उचलायचं नाही. भरलेला सिलिंडर जवळपास 30 किलोचा असतो, तो पुढे कित्येक महिने दुसऱ्याने सरकवावा. कपालभाती, नौकासन, सूर्यनमस्कार यांची घाई नको. सवय आहे म्हणून महिन्याभरात कपालभाती सुरू करणाऱ्या बायका मी पाहते, आणि प्रत्येक झटक्याला पोटाच्या मधोमध कण्यासारखा उभा उंचवटा वर येताना दिसतो. कुठलाही व्यायाम करताना पोटाच्या मधोमध असा कणा उठत असेल तर तो व्यायाम अजून आपल्यासाठी नाही.

पुन्हा ऑपरेशन

डायस्टॅसिस परतल्याचं मापाने सिद्ध झालंय, वजन स्थिर आहे, व्यायाम मनापासून करून झालाय आणि तरी त्रास आहे, तेव्हा दुसऱ्या दुरुस्तीचा विचार होतो, तोही पहिल्या ऑपरेशनला वर्षभर होऊन गेल्यावर. या वेळी सहसा कायमचा धागा, आवरण फारच विरळ असेल किंवा हर्निया असेल तर जाळी. दुसरं मत जरूर घ्यावं. एम.सीएच. किंवा डीएनबी झालेला प्लास्टिक सर्जन आणि हर्नियाचं काम करणारा जनरल सर्जन, दोघांनी मिळून बघितलं तर उत्तम.

पैशांचं म्हणाल तर भारतात आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल तरच त्यातून सूट असते. हर्नियाचा दावा मात्र पॉलिसीतल्या प्रतीक्षाकाळानंतर सहसा मान्य होतो, त्यामुळे हर्निया असल्यास तो रिपोर्टमध्ये नीट लिहिलेला असावा. ऑस्ट्रेलियाने जुलै 2022 पासून बाळंतपणानंतरच्या डायस्टॅसिससाठी सरकारी विम्यातून मदत सुरू केली, अटी घालून: स्कॅनवर किमान 3 सेंटीमीटर अंतर, दुखण्याचा किंवा लघवीचा त्रास, व्यायामाचा उपयोग न झाल्याची नोंद, आणि गेल्या बारा महिन्यांत गर्भारपण नाही. तिथे राहणाऱ्या मराठी मैत्रिणींनी आपल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, हे विचारावं. आपल्याकडेही अशी सोय यावी असं मला फार वाटतं. पाच सेंटीमीटर उघडं पोट घेऊन घर, नोकरी आणि मुलं ओढणाऱ्या बाईचं ऑपरेशन हौसेत मोडत नाही.

दुसऱ्या सर्जनकडे जाताना हातात पहिल्या ऑपरेशनची नोंद हवी: शिवण कुठून कुठपर्यंत, किती थरांत, धागा कोणता, हर्निया सापडला होता का, जाळी टाकली का. डिस्चार्ज कार्डावर हे बहुधा नसतं, ते ऑपरेशन नोटमध्ये असतं. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षंच जपण्याचं बंधन त्याच नियमांत आहे, म्हणून तक्रार असो वा नसो, ऑपरेशन नोटची प्रत टाके काढायला जाल तेव्हाच मागून घ्या.